मशीनचं नंतर बोलू, आधी तारखेचं बोला

पोस्ट लांब आहे, चहा घेऊन बसा.

गेले आठ दिवस शिरूरच्या कट्ट्यावर एकच विषय. 2 डिसेंबरला मतदान झालं, मोजणी 21 ला. मधे एकोणीस दिवस मशीन खोलीत बंद. दुसऱ्या दिवशी मोजायचं ठरलेलं होतं, पण काही ठिकाणचं मतदान ऐनवेळी 20 तारखेवर गेलं (आपल्या जिल्ह्यात बारामती आणि फुरसुंगी-उरुळी देवाचीचं अख्खं), आणि नागपूर खंडपीठ म्हणालं, सगळ्यांचा निकाल एकदमच लावा. झालं, लोकांना विषय मिळाला. मशीनमधे गडबड होणार की नाही, यावर आमच्याकडे दोन पार्ट्या पडल्यात.

मला त्या भांडणात पडायचं नाही. मला माझ्या आतेभावाचं सांगायचंय.

आत्या दौंडला दिलेली. न्हावरा-चौफुला रस्त्याने आमचं येणंजाणं कायम. आतेभावाला आम्ही अण्णा म्हणतो. रेल्वेच्या गावात वाढलेला माणूस, बोलायला मोकळा, दुकान बरं चालतं. 2021 च्या दिवाळीत त्याने ठरवलं की नगरपरिषदेला उभं राहायचं. हिशेब सरळ होता. आधीची निवडणूक 14 डिसेंबर 2016 ला झालेली. शिरूर, दौंड, जिल्ह्यातल्या दहा नगरपरिषदा एकाच दिवशी. पाच वर्षं संपत आली म्हणजे निवडणूक आलीच. घटनेतच लिहिलंय की मुदत संपायच्या आत निवडणूक पूर्ण व्हायला पाहिजे.

अण्णाने कामाला सुरुवात केली. दहावीच्या पोरांचा सत्कार, गणपतीला वर्गणी, वहिनींचं हळदीकुंकू, कुणाच्या मयतीला, कुणाच्या साखरपुड्याला. ज्याने हे केलंय त्यालाच माहिती याला किती पैसा आणि किती पेट्रोल लागतं. एक वर्ष माणूस ओढतो. दीड वर्ष ओढतो.

निवडणूक आलीच नाही.

कारणं तुम्हाला माहिती आहेत. ओबीसी आरक्षणाचा प्रश्न सुप्रीम कोर्टात गेला, बांठिया आयोग आला, मधेच सरकार बदललं, प्रभाग रचना आणि सदस्यसंख्या एका सरकारने बदलली, दुसऱ्याने फिरवली, ऑगस्ट 2022 ला कोर्टाने 'जैसे थे' सांगितलं. आरक्षणाचा प्रश्न खोटा नव्हता, हे आधीच सांगतो. ओबीसीची जागा जाऊ नये असं मलाही वाटत होतं. पण तारखेवर तारीख पडत गेली आणि मुंबईत कुणाची झोप उडाली नाही. शेवटी 6 मे 2025 ला कोर्टानेच सांगितलं, चार महिन्यात निवडणुका घ्या. तेही जमलं नाही, मग 31 जानेवारी 2026 पर्यंत मुदत.

आता या चार वर्षात अण्णाचं काय झालं बघा. 2021 ला तो राष्ट्रवादीत होता आणि राष्ट्रवादी सत्तेत होती. म्हणजे वेळेवर निवडणूक झाली असती तर अण्णा सत्ताधारी पक्षाचा उमेदवार होता. जून 2022 ला सरकार पडलं, अण्णा विरोधी पक्षाचा झाला. जुलै 2023 ला पक्षच फुटला. बरोबरचे निम्मे लोक घड्याळाकडे गेले, अण्णा शरद पवारांकडे राहिला. माणूस तोच, गल्ली तीच. जागचा न हलता तो सत्ताधाऱ्याचा विरोधक झाला, तो नुसती निवडणूक पुढे गेल्यामुळे.

यावर कोणी मोर्चा काढला का? मला तरी आठवत नाही.

मग ऑक्टोबर 2025 ला आरक्षणाची सोडत निघाली आणि अण्णाची जागा महिलेला गेली. वहिनी तयार झाल्या, मनापासून नाही, पण झाल्या. तोवर वरच्या लोकांची स्थानिक आघाडी ठरली आणि वाटाघाटीत ही जागा दुसऱ्याला सुटली. वहिनी अपक्ष. कार्यक्रम जाहीर झाला 4 नोव्हेंबरला. अर्ज 10 ते 17. माघार 21 पर्यंत. त्या चार दिवसात त्यांच्या घरी जेवढे पाहुणे आले तेवढे लग्नालाही आले नव्हते. कोण आले, काय म्हणाले, ते लिहीत नाही. आत्याने सगळ्यांना चहा पाजला आणि वहिनींनी अर्ज मागे घेतला नाही, एवढंच सांगतो.

आपल्याकडे निदान घरी येऊन चहा पितात. त्याच आठवड्यात सोलापूर जिल्ह्यात अनगरला उज्ज्वला थिटे यांनी पहाटे पोलीस बंदोबस्तात जाऊन नगराध्यक्षपदाचा अर्ज भरला, आणि छाननीत सूचकाची सही नाही म्हणून तो बाद झाला. नियमाने बरोबर असेल. पण गावातल्या निवडणुकीचा अर्ज भरायला बाईला पोलीस घेऊन जावं लागतं, यावर मशीनएवढी चर्चा का नाही?

अपक्षांना चिन्ह मिळालं 26 नोव्हेंबरला. वहिनींना कपबशी. प्रचार संपला 1 डिसेंबरला रात्री दहाला. सहा दिवस. त्यात पत्रकं छापायची, म्हाताऱ्या माणसांना कपबशी पाठ करून घ्यायची, वर समजवायचं की बटण एक नाही, तीन दाबायचीत, एक नगराध्यक्षाचं, दोन सदस्यांची. पक्षाच्या उमेदवाराचं चिन्ह लोकांना वर्षानुवर्षं माहिती. चिन्हाचा घोळ काय करतो ते आपण लोकसभेला पाहिलंय. साताऱ्यात शशिकांत शिंदे 32,771 मतांनी पडले आणि नुसत्या तुतारीवाल्या अपक्षाला 37,062 मतं पडली.

मशीनवाल्या मित्रांचं मी ऐकत नाही असं नाही. विधानसभेला निदान सात सेकंद चिठ्ठी दिसते. नगरपरिषदेच्या मशीनला ती सोयच नव्हती. विधानसभेनंतर पडलेल्या उमेदवाराला मशीन तपासायचं तर एका संचाला 40 हजार आणि वर जीएसटी. हे चूकच आहे. दौंडकरांना तर मताची किंमत वेगळी सांगायला नको. 2019 ला राहुल कुल आणि रमेश थोरात यांच्यात फरक होता 746 मतांचा. एका वाड्यावस्तीचा फरक. (शिरूरला 2024 ला 74 हजारांच्या वर होता, तो विषय वेगळा.)

पण विरोधी पक्षाच्या नेत्यांवरही माझा राग आहे. 1 नोव्हेंबरला मुंबईत मोर्चा निघाला, आधी मतदार याद्या दुरुस्त करा, मग निवडणूक घ्या. याद्यांत घोळ आहे, मान्य. माझ्या भाचीला ऑगस्टमधे अठरा पूर्ण झाली, यादी 1 जुलैची, तिचं मत गेलं. पण साहेब, आणखी पुढे ढकलून तुमचाच गल्लीतला माणूस मरतो की. सत्तेतल्याला निधी आहे, प्रशासक आहे, त्याला चार वर्षं काय आणि सहा काय. विरोधातल्याकडे असते ती फक्त तारीख. तीच तुम्ही मागे मागायला लागलात. 2017 च्या सुरुवातीला जो पोरगा अठराचा झाला, त्याने नगरपरिषदेला पहिलं मत सव्वीसाव्या वर्षी दिलंय. त्याच्या मताची चोरी कुठल्या यादीत शोधायची?

आणि डिसेंबर 2025 ला झेडपीचं राहिलेलंच होतं. पुणे जिल्हा परिषदेची मुदत मार्च 2022 ला संपली. गटात, गणात असे कितीतरी अण्णा तयारी करून बसले होते, काही तर बसून बसून उठूनही गेले. त्यांची तारीख तेव्हाही आलेली नव्हती.

परवा अण्णाला फोन केला. म्हटलं, येणार का निवडून वहिनी? म्हणाला, "माहीत नाही रे. उधारी किती झालीय तेवढं माहितीये." स्ट्राँगरूमबाहेर उमेदवारांची माणसं पाळीने बसतात, त्याची पाळी शनिवारी रात्री आहे. थंडी मरणाची पडलीय. मी शनिवारी संध्याकाळी निघतोय, आईने त्याच्यासाठी घोंगडी काढून ठेवलीय.