ओव्या आणि एक जुनी डिस्क

३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारी परिसरातील पुनर्वसित गावांतून हिंडून आम्ही काही मित्रांनी जात्यावरच्या ओव्या उतरवून घेतल्या होत्या. लातूरच्या एका छापखान्यात त्या संगणकावर जुळवल्या. पुस्तक मात्र निघाले नाही. वह्या पुढे पावसात भिजून गेल्या. ओव्या सांगणाऱ्या बहुतेक आज्या आज हयात नाहीत. छापखाना मोडला तेव्हा तेथील एक हार्ड डिस्क तेवढी आमच्या हाती आली. ती घेऊन आम्ही नांदेडला आलो, तर कोणत्याही नव्या संगणकाला तिची ५० पिनांची तार जोडता येईना.

डिस्क स्कझी जातीची होती. त्या काळच्या साध्या संगणकाच्या बायॉसला आयडीई डिस्क कळे. स्कझीची भाषा त्याला ठाऊक नसे. म्हणून वेगळे कंट्रोलर कार्ड बसवीत आणि त्या कार्डावर त्याचा स्वतःचा छोटा बायॉस असे. संगणक सुरू होताना मूळ बायॉस स्मृतीच्या ठराविक भागात दर २ किलोबाइटांवर एक खूण शोधी. ती सापडली की काही क्षण कारभार कार्डाकडे जाई. एका तारेवर ० ते ७ असे आठ क्रमांक. त्यांतला ७ बहुधा कार्डाचा स्वतःचा. उरलेल्या प्रत्येक क्रमांकाला कार्ड विचारी : कोणी आहे का? उत्तर आले की त्या डिस्कच्या वतीने बोलण्याची जबाबदारी ते पत्करी. डॉस जुन्याच पद्धतीने अमुक वर्तुळातला अमुक तुकडा मागे. कार्डाचा बायॉस त्या मागणीचे स्कझीच्या सलग क्रमांकांत भाषांतर करी. आम्हा साहित्याच्या माणसांना हे काम ओळखीचे वाटले. हा दुभाषाच होता.

भंगारात असे कार्ड असलेला एक जुना संगणक मिळाला. कार्डाने हाका मारल्या, पण उत्तर आले नाही. छापखान्यात ही डिस्क तारेच्या मध्यावर होती, त्यामुळे तिचा टर्मिनेटर बंद ठेवलेला होता. आता ती टोकाला होती, आणि टोक मोकळे राहिल्याने संकेत आदळून परत फिरत होते. एक जंपर बदलला आणि पडद्यावर डिस्कचे नाव उमटले. फायली उघडल्या तर सगळी रोमन अक्षरांची खिचडी! तो जुना मराठी फाँट आमच्याकडे नव्हता. दुसरा दुभाषा शोधणे आले.

२०२३ मध्ये न्या. संदीप शिंदे समितीसाठी मराठवाड्यात निजामकालीन नोंदी धुंडाळल्या जाऊ लागल्या, तेव्हा मोडी आणि उर्दू वाचणाऱ्यांची गरज अशीच एकाएकी जाणवली. कागद दप्तरात होतेच. त्यांना विचारणारे विरळ झाले होते. आपण जतन म्हणतो तेव्हा वस्तूच्या जतनाचाच विचार करतो. वस्तू आणि वाचक यांच्यामध्ये उभा असणारा तो तिसरा आधी नाहीसा होतो, आणि त्याची नोंद कोणी ठेवीत नाही.

फाँट अखेर मिळाला. सुमारे निम्म्या ओव्या वाचता आल्या. उरलेल्या फायली खराब झाल्या आहेत. आज गावोगावी मोबाइलवर गाणी ध्वनिमुद्रित करणाऱ्या विद्यार्थ्यांना आम्ही एवढेच सुचवतो : कोणत्या यंत्रावर, कोणत्या साधनाने नोंदले, ते सोबत लिहून ठेवा, आणि एक प्रत कागदावर, साध्या हस्ताक्षरात, ठेवा.