उसनी स्लाइड

फ्रीलान्स पत्रकार म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर काय येतं? कॅफेतला कोपरा, लॅपटॉप, मनात येईल तेव्हा काम आणि मनात येईल तेव्हा गोवा! प्रत्यक्षात लेखाचं मानधन तीन महिन्यांनी येतं आणि घरभाडं मात्र दर महिन्याच्या ५ तारखेला जातं. ही मधली दरी भरून काढतात ती पीपीटीची कामं. संस्था, स्टार्टअप, क्लासवाले, बिल्डर, सगळ्यांनाच प्रेझेंटेशन हवं असतं आणि सगळ्यांनाच ते काल हवं असतं. माझ्या मास कॉमच्या बॅचमधले निदान चारजण तरी या 'साइड बिझनेस'वर तगून आहेत. अर्थात, भेटलो की बोलतो मात्र डॉक्युमेंटरीबद्दल!

या धंद्यातलं उघड गुपित असं, की कोऱ्या स्लाइडपासून कुणीही सुरुवात करत नाही. क्लायंटचं पहिलं वाक्यच असतं, ''जुनं एक आहे, पाठवतो, त्यातलं बघून घे.'' मग त्यातल्या चार स्लाइड्स, मागच्या वर्षीच्या कॉन्फरन्समधल्या दोन, कुणाच्या तरी मेलमधून आलेली एक, आणि वर नवी तारीख. शिळ्या पोळ्यांचा कुस्करा करून वर कोथिंबीर पेरावी तसं. आणि मला त्यात काही गैरही वाटत नाही. फोडणीची पोळी चांगलीच लागते.

मुळात हे सॉफ्टवेअर जन्मालाच आलं ते असल्या उसनवारीसाठी. पॉवरपॉइंटचं पहिलं व्हर्जन आलं १९८७ मध्ये, तेही फक्त मॅकिन्टॉशवर आणि ब्लॅक अँड व्हाइट. ते बनवणाऱ्या फोरथॉट कंपनीला मायक्रोसॉफ्टनं त्याच वर्षी १ कोटी ४० लाख डॉलरला विकत घेतलं. तेव्हा त्याचा उपयोग मुख्यतः ओव्हरहेड प्रोजेक्टरवर ठेवायच्या पारदर्शक शीट्स छापण्यासाठी व्हायचा. कॉलेजमध्ये आपल्या सरांनी वापरल्या असतील बघा, त्याच. त्या सुट्या असायच्या. या व्याख्यानाच्या फोल्डरमधली एक काढायची, त्या व्याख्यानाच्या फोल्डरमध्ये घालायची. पुढे कॉम्प्युटरनं तेच केलं, फक्त शीट जागची न हलता तिची नक्कल व्हायला लागली. २००७ च्या व्हर्जनमध्ये तर 'रियूज स्लाइड्स' असा चक्क पर्यायच दिलेला होता.

आता स्लाइड कॉपी करून दुसरीकडे पेस्ट केलीत, की पॉवरपॉइंट तुमच्यापुढे तीन छोटी चित्रं ठेवतं. पहिलं म्हणजे नव्या घरचं वळण. स्लाइड जिथे जाते तिथले रंग, तिथला फॉन्ट अंगावर चढवते. नवी सून एकदम सासरच्या पद्धतीची साडी नेसून आल्यासारखी. दुसरं म्हणजे माहेरचा थाट कायम. जुना रंग, जुना फॉन्ट, आणि सोबत सगळं माहेरही येतं. म्हणजे जुन्या डेकचा 'स्लाइड मास्टर' गुपचूप नव्या फाइलमध्ये येऊन बसतो. वर्षानुवर्षं फिरलेल्या फाइलचा मास्टर व्ह्यू उघडून बघा एकदा. बंद पडलेल्या कंपन्या, सोडून गेलेले बॉस, जुने लोगो, सगळे तिथे सुखानं नांदत असतात.

तिसरं चित्र म्हणजे 'पिक्चर'. स्लाइडचा फोटोच काढून चिकटवायचा. अक्षर हलत नाही, रंग बदलत नाही, काही मोडत नाही. अडलेल्याला हा फार सोयीचा. त्याच्याबद्दल पुढे बोलायचंच आहे.

फिरणाऱ्या स्लाइडबरोबर न दिसणारंही बरंच फिरतं. माझी एक मैत्रीण जाहिरात कंपनीत आहे. तिच्या सहकाऱ्यानं एक्सेलमधला एक साधा बार चार्ट उचलून क्लायंटच्या डेकमध्ये टाकला, वर्कबुकसकट. क्लायंटनं चार्टवर राइट क्लिक करून डेटा उघडला, तर आख्खी फाइल हजर! शेजारच्या शीटवर दुसऱ्या दोन क्लायंट्सचे रेट्स. पुढचं तुम्ही कल्पनेनं भरा.

आणि जे फिरायला हवं ते कधीकधी वाटेत गळतं. १ फेब्रुवारी २००३ ला कोलंबिया यान पृथ्वीवर परतताना फुटलं, कल्पना चावलासह सात अंतराळवीर गेले. उड्डाणाच्या वेळी फोमचा तुकडा डाव्या पंखावर आदळला होता. यान वर असतानाच इंजिनीअर्सनी धोक्याचा हिशेब मांडणारं प्रेझेंटेशन केलं होतं. त्यातल्या एका स्लाइडचं शीर्षक दिलासा देणारं, आणि अगदी तळाशी, बारक्या बुलेटमध्ये खरी गोष्ट: चाचणीतला तुकडा ३ घनइंचांचा होता, आदळलेला १९२० घनइंचांचा. एडवर्ड टफ्टी या अभ्यासकानं या स्लाइडची चिरफाड केली. त्याच वर्षीच्या ऑगस्टमधल्या चौकशी अहवालानंही ती उद्धृत केली आणि म्हटलं, की माहिती संस्थेत वर वर सरकत जाते तसे खुलासे आणि आधार गाळले जातात. आमच्या डेकमधून कुठलं यान उडत नाही म्हणा. तरी पण...

जून २०२२ मध्ये मी घरकामगार बायकांसाठी काम करणाऱ्या एका छोट्या संस्थेचं प्रेझेंटेशन केलं. विषय लॉकडाउनमध्ये काम गेल्यावर या बायकांनी काढलेली कर्जं. पर्वतीच्या पायथ्याच्या वस्तीतल्या एका मावशींशी मी दोन दुपारी बोलले. २०२० मध्ये त्यांची चार घरांची कामं सुटली. मग बचत गटाचं कर्ज, ते फेडायला एका मायक्रोफायनान्सचं, ते फेडायला दुसऱ्याचं. एकूण पाच. स्लाइडचं शीर्षकच होतं 'पाच कर्जं, दोन घरांची धुणीभांडी'. सोबत त्यांचा फोटो, दारात उभ्या, हातात हप्त्यांची कार्डं पत्त्यांसारखी पसरून धरलेली. फोटो मीच काढला होता. मावशी तयार झाल्या, पण अटीवर. ''ताई, त्या बँकवाल्या सायबांना दाखवा, बाकी कुटं नको. माज्या दिरा-जावेला यातलं एक बी ठाऊक नाय.'' म्हणून स्लाइडखालच्या नोट्समध्ये मी स्पष्ट टाइप केलं: 'फक्त याच बैठकीसाठी. फोटो इतरत्र वापरू नये. आधी संस्थेला विचारावं.' संस्थेच्या ताईंनाही तोंडी सांगितलं. बैठक झाली, चेक आला, विषय संपला.

२०२५ च्या फेब्रुवारीत सेनापती बापट रोडवरच्या एका हॉटेलात, झटपट कर्ज देणाऱ्या एका अ‍ॅपच्या कार्यक्रमाला मी गेले होते. बातमी करायला, आणि खरं सांगायचं तर जेवण छान असतं म्हणूनही. अकराव्या की बाराव्या स्लाइडवर मावशी आल्या. तोच फोटो, तीच कार्डं. वर इंग्रजीत नवं शीर्षक, ज्याचा मराठीत अर्थ 'अजून कुणी न गाठलेली ग्राहक'. बोलणारा म्हणाला, ''बघा, या महिलेला एकाच वेळी पाच ठिकाणहून क्रेडिट घ्यावंसं वाटतं. केवढी भूक आहे मार्केटमध्ये!'' हॉलमध्ये लोक माना डोलवत होते. माझ्या हातातला पनीर टिक्का तसाच राहिला.

नंतर मी त्यांच्या मार्केटिंगच्या मुलाला गाठलं. माझ्याच वयाचा, सज्जन. आधी त्याला प्रॉब्लेमच कळेना. ''मॅडम, पण फोटो किती पॉझिटिव्ह आहे!'' कळल्यावर मात्र त्यानं दोन दिवसांत फाइल पाठवली. ती बघितल्यावर उलगडा झाला. स्लाइड म्हणजे एक सपाट चित्र होतं. माझ्या मराठी शीर्षकावर पांढरा चौकोन चिकटवून त्यावर इंग्रजी लिहिलेलं. चौकोन जरा तोकडा पडलेला, त्यामुळे 'भांडी'चा अनुस्वार वर डोकावत होता. आणि चित्र म्हटल्यावर खाली नोट्स कोऱ्या.

चित्र का केलं, तेही माग काढता काढता समजलं. अ‍ॅपवाल्यांना ती एका कन्सल्टन्सीकडून मिळाली होती, कन्सल्टन्सीला एका सेमिनारच्या पेन ड्राइव्हमधून, आणि सेमिनारला संस्थेचे एक माजी कार्यकर्ते गेले होते. संस्थेचं सगळं टायपिंग जुन्या श्रीलिपीत. तो फॉन्ट ज्या कॉम्प्युटरवर नाही तिथे मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा खिचडा दिसतो. मराठीत काम करणाऱ्या प्रत्येकानं हा खिचडा एकदा तरी खाल्लेला असतो! कन्सल्टन्सीतल्या कुणीतरी वैतागून, फॉन्ट असलेल्या मशीनवर फाइल उघडून, तिसरं चित्र दाबलं: पिक्चर. त्यांच्या आधीच्या फाइलमध्ये माझी नोट जशीच्या तशी होती. तीन डेक्स, अडीच वर्षं, आणि नोट्सचा तो खालचा कप्पा कुणी वर ओढूनच बघितला नव्हता.

वकिली करणाऱ्या मित्राला विचारलं. तो म्हणाला, १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोची मालकी, वेगळा करार नसेल तर, काढून घेणाऱ्याची. म्हणजे फोटो संस्थेचा. माझाही नाही. फोटोतल्या बाईचं त्या कलमात नावही नाही. २०२३ मध्ये संसदेनं डिजिटल व्यक्तिगत माहितीचा कायदा केला, त्यात संमती ही सांगितलेल्या कारणापुरतीच आणि मागे घेता येण्यासारखी असावी असं म्हटलंय. हे वाचून मला बरं वाटलं. मावशींच्या भाषेत ते 'बाकी कुटं नको' एवढंच होतं.

संस्थेच्या ताईंनी पत्रं पाठवली. अ‍ॅपवाल्यांनी स्लाइड काढली आणि तसा मेलही केला. कन्सल्टन्सीनं 'आमच्या रेपॉझिटरीतून हटवलं आहे' एवढं एका ओळीत कळवलं. सेमिनारचे पेन ड्राइव्ह साधारण साठजणांना वाटले होते, त्यांची यादी आयोजकांकडे नव्हती. गूगल स्लाइड्समध्ये निदान एक सोय आहे. पेस्ट करताना मूळ स्लाइडशी लिंक ठेवली, तर मूळ बदलल्यावर नक्कलेवर 'अपडेट'चं बटण येतं. पण ते बटण दाबायचं की नाही हे पुन्हा नक्कलवाल्याच्याच हातात. आणि चित्राला तर लिंकही नसते, बटणही नसतं.

हल्ली मी अशी अट स्लाइडच्या तोंडावरच लिहिते, फोटोच्या आत, कडेला उभ्या अक्षरांत. डिझाइन बिघडतं, क्लायंट कुरकुरतात. बिघडू दे. क्रॉप करणारा करेलच, पण निदान त्याला वाचून क्रॉप करावं लागेल.

मावशींना सांगायला मी आणि संस्थेच्या ताई दोघी गेलो. त्यांच्या मुलीसाठी स्थळं बघणं चालू होतं, म्हणून त्यांनी आधी दार लोटून घेतलं. सगळं ऐकलं. ''किती मान्सं व्हती तितं?'' दोनशेच्या आसपास, मी सांगितलं. ''आपल्यातलं कोन?'' आपल्यातलं कुणी नव्हतं. मग त्या बराच वेळ गप्प होत्या. ''मग त्या मोठ्या लोकांना काय सांगितलं माज्याबद्दल?'' मी जसंच्या तसं सांगितलं. भूक आहे, असं म्हणाले.

''भूक व्हतीच की,'' मावशी म्हणाल्या, ''पन ती कर्जाची न्हवती.''

पाचातली तीन कर्जं आता फिटली आहेत. निघताना त्यांनी मला थांबवलं आणि विचारलं, तो फोटो एवढ्या लोकांकडे आहे, तर त्यांच्याकडे का नाही? बरोबरच होतं. पुढच्या आठवड्यात मी कुमठेकर रस्त्यावर सहा बाय आठची एक प्रिंट काढली, शीर्षकाविना, आणि नेऊन दिली. त्यांनी ती नीट बघितली, हातातल्या कार्डांवर अंगठा ठेवून फक्त चेहरा बघितला, आणि ट्रंकेत साड्यांच्या खाली ठेवून दिली.