का अवतार केलास गा!

धानाच्या रोवणीचे दिवस होते. लाखांदूरच्या आमच्या बांधीत दिवसभर वाकून संध्याकाळी घरी आलो, तेव्हा मांडीपर्यंत चिखल, कानामागे वाळलेला चिखल, आणि डोक्यावरून परे वाहिलेले म्हणून मानेवर मातीचे ओघळ. आईनं दारातच अडवलं, "का अवतार केलास गा हा!" आणि त्याच क्षणी ओसरीवर मोबाइलात डोकं घातलेला भाचा म्हणाला, "मामा, माझा अवतार बघ ना, आत्ताच बदलला."

मी पाय धुवायचे विसरलो. एकाच ओसरीवर, एका दमात, तोच शब्द दोनदा! त्याच्या पडद्यावर निळ्या केसांचा एक पोरगा उभा होता, आणि वर इंग्रजी अक्षरांत चक्क 'अवतार' लिहिलेलं. मत्स्य, कूर्म, वराह इथून निघालेला हा शब्द या निळ्या केसांपर्यंत आला कसा? जेवण झाल्यावर खाटेवर पडलो तो रात्री दोनपर्यंत तेच शोधत होतो. इतकी गमतीची गोष्ट आजवर कुणी सांगितली कशी नाही मला!

संस्कृतात अव म्हणजे खाली आणि तॄ म्हणजे पार होणं. वरून खाली उतरणं, तोच अवतार. इंग्रजीत हा शब्द १७८४ सालापासून सापडतो. पुढच्याच वर्षी चार्ल्स विल्किन्सनं केलेलं गीतेचं इंग्रजी भाषांतर छापून निघालं. पण पुढची दोनशे वर्षं हा शब्द तिकडच्या पंडितांच्या आणि लेखकांच्याच हातात राहिला. खेळणाऱ्या पोरांच्या हाती तो लागला १९८५ च्या सुमारास. त्या साली रिचर्ड गॅरियटचा 'अल्टिमा फोर' हा संगणकावरचा खेळ आला. त्यात कुणा राक्षसाला मारून भागत नाही. आठ सद्गुण अंगी बाणवून खेळणाऱ्यानं स्वतःच अवतार व्हायचं!

त्यानंतर लगेच चिप मॉर्निंगस्टार आणि रँडी फार्मर या दोघांचं 'हॅबिटॅट' आलं. टेलिफोनच्या तारेतून जोडलेल्या त्या खेळात पडद्यावरच्या माणसाला त्यांनी अवतार म्हटलं. त्यांचा विचार बघा: घरी बसलेला खेळाडू हा देव, पडद्यावरचं माणूस ही त्याची कळसूत्री बाहुली, आणि दोरीच्या जागी टेलिफोनची तार. वैकुंठातून उतरायला शेषशय्या सोडावी लागते, इथं नुसता नंबर फिरवला की झालं! १९९२ मध्ये नील स्टीफन्सननं 'स्नो क्रॅश' कादंबरीत हाच शब्द वापरला. आपल्याला तो स्वतंत्रपणे सुचला आणि 'हॅबिटॅट'बद्दल नंतर कळलं, असं त्यानं पुस्तकातच प्रांजळपणे लिहून ठेवलंय. २००९ चा जेम्स कॅमेरॉनचा 'अवतार' सिनेमा तर सगळ्यांनाच ठाऊक. तिथं माणूस यंत्रात निजतो आणि त्याची जाणीव दुसऱ्याच निळ्या देहात जागी होते.

इथं मी खाटेवर उठून बसलो. हा अवतार कुठला? हा तर परकायाप्रवेश! थेओफील गोतिए या फ्रेंच लेखकानंही १८५६ मध्ये 'अवतार' नावाच्या कथेत दोन माणसांचे आत्मे अदलाबदल करून टाकलेत. मी मनात म्हटलं, घोटाळा केलाय लेकांनी. पण तेवढ्यात आपले महानुभाव पंथीय आठवले आणि माझी बोलतीच बंद झाली. त्यांच्याकडे परमेश्वरानं अवतार घ्यायच्या तीन रीती सांगितल्या आहेत. गर्भातून जन्म घ्यायचा, मृत देहात शिरायचं, किंवा देहातल्या जीवाला दवडून त्याची जागा घ्यायची. श्रीचक्रधर गुजरातेतल्या हरिपाळाच्या निष्प्राण देहात आले, ही त्यांची श्रद्धा. म्हणजे कॅमेरॉनच्या कितीतरी आधी, तेराव्या शतकात, आपल्या मराठीत हा विचार इतका बारकाईनं झालेला होता! आणि या चक्रधरांचे एक शिष्य कोण? नीळभट्ट भांडारेकर, आपल्या भंडाऱ्याचे! एवढ्या रात्री हे सांगायचं कुणाला? शेवटी बायकोला उठवलं. तिनं जे ऐकवलं ते इथं लिहीत नाही.

पण खरी मजा आईच्या शब्दात आहे. इंग्रजांनी दोनशे वर्षं घेतली, आपल्या आयाबायांनी मात्र या शब्दाला कधीच देवळाबाहेर काढून कामाला लावलं होतं. केस विस्कटले की अवतार, बाप चिडला की नरसिंहावतार, म्हातारा गेला की अवतार संपला. बिचाऱ्या 'ध्यान' शब्दाचीही आपण हीच गत केली. बाहेरचं रूप म्हणजे अवतार, आतला माणूस वेगळा, हे आईला कुणी शिकवायला नको होतं. दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेत, नाटकांत आम्ही रात्रभर तेच तर बघतो. एकदा नाटक संपल्यावर पहाटे मी रंगपटात डोकावलो होतो. रात्रभर सिंहासनावर बसलेला राजा खोबरेल तेलानं तोंड पुसत होता. अर्ध्या गालावर अजून राजा होता, अर्ध्यावर धानाची कापणी अडली म्हणून वैतागलेला शेतकरी.

सकाळी भाच्याला म्हटलं, आता माझा अवतार कर. त्यानं धोतरासारखं काहीतरी शोधलं, खांद्यावर टाकायला दुपट्टा मिळाला, मिशीही मिळाली. चिखल काही मिळेना. त्यानं सगळे रंग, सगळे कपडे, सगळे बूट चाळले. आईनं पडदा डोळ्यांजवळ धरून बराच वेळ बघितला.

"हा आपला नाही गा," ती म्हणाली, "हा तर लग्नाला निघालाय."