दोडका कुठल्या खात्यात?

उन्हाळ्यात माणसं महाबळेश्वरला जातात, असं मी ऐकून आहे. वर्ध्याची माणसं कूलरसमोर जातात. पारा ४६ वर गेला की शहाण्या माणसाने हातपाय हलवू नयेत, अशी आमच्याकडची रीत आहे. मी ती घरी पाळतो आणि जमेल तेवढी बँकेतही पाळतो. आमची ही मात्र पाळत नाही. सांडगे-कुरड्या वाळून डब्यात गेल्या की तिच्या अंगात दोन उद्योग संचारतात. सकाळ-संध्याकाळ परसातली भाजी आणि दुपारी क्रोशाचं विणकाम.

उन्हाळी भाजीचं बी खरं म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीत पडायला हवं. पण यंदा कन्यारत्नाची बारावी होती. त्या दिवसांत घरात मोठ्याने शिंकायचीदेखील परवानगी नव्हती. वाफे कोण खणणार? त्यामुळे दोडका, चवळी आणि भेंडी लागली ती थेट मार्चअखेर. मी म्हटलं, "अगं, फार उशीर झाला. उन्हात जळेल सगळं."

"तुम्ही विम्याचा हप्ता दरवर्षी एकतीस मार्चला भरता, तेव्हा मी काही बोलते का?"

मी पुढे बोललो नाही.

गेल्या वर्षीचा माठ तिने वेलाशेजारी गळ्यापर्यंत जमिनीत पुरला. त्यातलं पाणी मुळांना हळूहळू पाझरतं. वाफ्यावर गव्हाच्या कुटाराचा थर दिला आणि त्यावर जुन्या साड्यांचा मांडव घातला. आमच्या लग्नातला मांडवही इतका दाट नव्हता. वेल जोमाने वर चढला, पिवळ्या फुलांनी भरला, आणि दोडका मात्र एकही नाही! चौकशीअंती कळलं की कडक उन्हात या वेलांना नरफुलं जास्त येतात आणि मादीफुलं कमी. म्हणजे दिसायला भरगच्च आणि उत्पन्न शून्य. ही माझ्याकडे बघून काहीच बोलली नाही. तिच्यावरचे संस्कार चांगले आहेत. दोडक्याची फुलं संध्याकाळी उमलतात. मग ही दिवेलागणीला नरफूल खुडून मादीफुलावर अलगद टेकवत हिंडू लागली.

शेजारचे भाऊजी कुंपणावरून रोज विचारायचे, "काहो वहिनी, धरला काय दोडका?"

"धरंल नं भाऊजी. मिरग तर लागू द्या!"

दुपारचा मामला वेगळा. कूलरसमोर पांढऱ्या सुती दोऱ्याचे चौकोन विणले जातात. साखळी, खांब, पुन्हा साखळी. असे ऐंशी चौकोन जोडले की एक चादर. ही चादर कन्येसाठी. ती जुलैत महाराष्ट्र एक्स्प्रेसने पुण्याला जाणार, बी.कॉम. करायला. कन्या म्हणाली, "आई, हॉस्टेलसाठी तयार चादर ऑनलाइन मिळते गं."

"मिळते ना. ती घाल खाली आणि ही वर."

मी पडलो बँकेचा माणूस. बी, खत, दोरा असा सगळा खर्च वहीत मांडला. मेअखेरपर्यंत तीन दोडके हाती आले. दर नग एकशे दहा रुपये पडला. बाजारात भाजीवाली वीस रुपये पाव देत होती. चादरीचं गणित त्याहून अवघड. एका चौकोनाला दीड तास, म्हणजे ऐंशी चौकोनांना एकशेवीस तास. पण तासाला दर काय लावायचा?

कॉलेजात आम्हाला पिगू नावाच्या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाचं एक उदाहरण शिकवलं होतं. एखाद्याने आपल्या पगारी घरकामवालीशीच लग्न केलं, तर काम तेवढंच राहतं, पण पगार बंद होतो आणि राष्ट्रीय उत्पन्न घटतं. वर्ग खो खो हसला होता. वर्गातल्या मुली हसल्या होत्या का, ते आठवत नाही. आता आमची कन्या त्याच वर्गात जाऊन बसेल.

सरकारने २०१९ साली देशभर वेळेची मोजदाद केली. बिनपगारी घरकाम करणाऱ्या बाईची त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं जातात आणि करणाऱ्या पुरुषाची ९७. हे मी हिला वाचून दाखवलं. माझी कूलरमध्ये पाणी भरण्याची बारा मिनिटं धरूनही उरलेल्या पंच्याऐंशींचा तपास लागत नव्हता. हिने एवढंच विचारलं, "त्यात दोडका धरलाय का?"

आमच्या वर्ध्यातच, मगनवाडीत, एक थोर हिशेबनीस होऊन गेले. जे. सी. कुमारप्पा. मुंबईतलं हिशेबतपासनिसाचं काम सोडून ते गांधीजींबरोबर ग्रामोद्योगाच्या कामाला लागले. 'इकॉनॉमी ऑफ परमनन्स' या १९४५ च्या पुस्तकात त्यांनी अर्थव्यवहाराच्या पायऱ्या मांडल्या आहेत. खालच्या पायरीवर माकड आहे. स्वतः काही न लावता फळं पळवणारं. आमची चवळी नेणाऱ्या वानरांना हे तंतोतंत लागू पडतं. सगळ्यात वर आहे पिलांसाठी चारा शोधत हिंडणारी पक्षीण. ती मोबदला मागत नाही. ताळेबंदात आयुष्य घालवू शकणाऱ्या माणसाने हा रकाना मुद्दाम उघडला आणि त्यात रुपये लिहिले नाहीत. मी कोणत्या पायरीवर, ते मी हिला विचारलेलं नाही.

आता मृगाच्या सरी पडल्या आहेत आणि वेलाला दोडके लटकले आहेत. कन्येबरोबर दोडक्याच्या शिरांची चटणी बरणीभर जायची आहे. चादरीचे चौसष्ट चौकोन झाले, सोळा राहिले. परवा हिने विचारलं, "किती दिवस उरले हो?"

दिवस मोजून व्याज काढणं हा माझा धंदाच. "बत्तीस," मी म्हटलं.

दिवसाला दोन चौकोन सहज विणणारी ही परवापासून अर्ध्यावर आली आहे. हात दुखतो म्हणते.