कोपर वाकलं, पण खांद्याचं काय?

मैत्रिणींनो, बाळंतपणात बाळाच्या हाताची नस दुखावली की घरात पहिली उलटतपासणी होते ती आईची. माझ्या मुलीच्या वेळी एक वडीलधाऱ्या बाई म्हणाल्या, “दिवस असताना जड उचललं असशील!” आता उचलण्याचा इथं संबंधच काय? बाळाचं डोकं बाहेर येतं, खांदा मात्र आईच्या ओटीपोटाच्या हाडामागे अडतो. मग मान आणि खांदा यांच्यामध्ये ताण बसून हाताकडे जाणाऱ्या नसा ओढल्या जातात. बाळ वजनानं मोठं असलं की हा धोका वाढतो. जर्मनीचा बादशहा दुसरा विल्हेल्म १८५९ साली पायाळू जन्मला, राजघराण्यात! त्याचाही डावा हात जन्मभर अधूच राहिला.

बऱ्याच बाळांचा हात पहिल्या काही महिन्यांत आपोआप सुधारतो. आमचीनं चौथ्या महिन्यात कोपर वाकवलं आणि घरात पेढे आले. व्यायाम शिकवणाऱ्या बाई तेवढ्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, “खांद्याकडे लक्ष ठेवा.”

का, ते सांगते. हात आत वळवणारे स्नायू बहुधा जोरात असतात; बाहेर वळवणारे उशिरा आणि अर्धेमुर्धे जागे होतात. त्यामुळे हात सदा आत ओढलेला. शिवाय दुखावलेल्या नसेवरचा स्नायू हाडाच्या बरोबरीनं वाढत नाही, आखूड आणि ताठ होतो. पुढे सांध्याची वाटीसुद्धा नीट घडत नाही. मूल घास तोंडाशी नेताना कोपर पिपाणी वाजवल्यासारखं वर उचलतं, तेव्हा समजावं.

म्हणून दुपटं बदलताना दर वेळी आमचा एक नेम असे. कोपर कुशीला टेकवून काटकोनात वाकवायचं, खांद्याचं पातं एका हातानं दाबून धरायचं आणि तळवा हळूहळू बाहेर न्यायचा. हे तज्ज्ञांकडून हाताला धरून शिकून घ्या, वाचून करू नका. मालीशवालीला तर स्पष्ट बजावा, तेल हवं तेवढं लाव, पण हात ओढायचा नाही! झबलं घालताना दुखरा हात आधी, काढताना शेवटी.

तीन महिने होऊनही कोपर वाकत नसेल, तर या नसांची शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांना दाखवाच. आणि वाकलं तरी खांदा वर्षानुवर्षं तपासून घ्या. व्यायामानं भागलं नाही, तर पाठीचा एखादा स्नायू हात बाहेर वळवण्याच्या कामी लावण्याची शस्त्रक्रियाही होते.

आमची आता नऊ वर्षांची आहे. उजवा हात मानेमागे अजून पुरता पोचत नाही. वेणीचे वरचे चार पेड मी घालते. मग ती वेणी खांद्यावरून पुढे ओढून घेते आणि “आता तू हो बाजूला” म्हणत उरलेली स्वतः घालते.