पाव इंचाची भुतं

हस्तकलेच्या अदलाबदलीची चिठ्ठी आली. यंदा माझ्या वाट्याला ओहायोतली एक बाई. हॅलोविनच्या सजावटीबद्दल तिच्या मागण्या चार ओळींत मावल्या आहेत: रक्त नको, तुटके हातपाय नकोत, जुन्या वळणाचं काहीही चालेल, घरात मांजर आहे. शेवटची ओळ सगळ्यांत महत्त्वाची. दोरा, चमकी, रबरबँड आपोआप बाद. मांजर दोरा गिळतं, तो आतड्यात अडकतो, आणि मग भूत राहतं बाजूला. जनावरांच्या डॉक्टरचं बिल पाहूनच माणूस पांढराफटक पडतो.

*

टपालाचं गणित आधी मांडलेलं बरं. अमेरिकेत साधं पत्र पाव इंचापर्यंत जाड आणि साडेतीन औंसांपर्यंत जड चालतं. त्यापुढे मोठ्या लिफाफ्याचा दर. आत कुठे टेंगूळ लागलं, तर मोठा लिफाफाही पार्सलमध्ये जमा. म्हणून ठरवलं, जे काही करायचं ते चपटं जाईल आणि तिथे पोचल्यावर उभं राहील.

चीजक्लॉथचं भूत त्यामुळे रद्द. खरं तर करायला सगळ्यांत मजेचं तेच. बाटलीवर चेंडू ठेवायचा, हातांसाठी तार वाकवायची, वर कॉर्नस्टार्चच्या खळीत बुडवलेलं जाळीदार कापड टाकायचं. रात्रभरात कापड कडक होतं, आतली बाटली काढून घेतली की भूत आपल्या पायांवर (म्हणजे पायांशिवाय) उभं. साडीला खळ घालणाऱ्या घरात वाढलेल्या माणसाला यात शिकायचं काही नाही. पण ते खोक्यात घातलं की चेपतं. ते आपल्याच खिडकीत राहू दे.

*

झुरिकच्या एम. व्हेंची स्टिर्नेमान या कलावंताने १९९७ मध्ये अडीच बाय साडेतीन इंचांची चित्रकार्डं सुरू केली. ती विकायची नाहीत, फक्त एकमेकांना देऊन घ्यायची. आज जगभर ती चालतात. विकायचं नाही म्हटल्यावर कामाची जातच बदलते. दुकानातल्या वस्तूची पुढची बाजू देखणी असली की भागतं. अदलाबदलीत घेणारी स्वतः करणारी असते. ती वस्तू हातात आल्याबरोबर उलटी करणार, गोंद कुठे ओघळलाय, टोकं कशी दुमडलीत ते पाहणार. मी तरी पाहते.

*

काळा कार्डपेपर घेताना कोपरा फाडून बघावा. काही कागद वरून काळे आणि पोटात पांढरे असतात. त्यांचं वटवाघूळ कापलं की सगळ्या कडेने पांढरी रेघ दिसते. आरपार रंगवलेला कागद थोडा महाग पडतो, पण घ्यावा. पंखांच्या घड्यांसाठी रिकामी झालेली बॉलपेनची रिफिल उत्तम: पट्टी लावून एकदा जोरात ओढली की कागद न फाटता बरोबर तिथेच मुडपतो.

*

जाळीचा भोपळा. दोन पुठ्ठ्यांमध्ये दडलेला, उघडला की गरगरीत होणारा. हे काम अमेरिकेत घरोघरी पोचवलं ते पेनसिल्व्हेनियातल्या शिपेन्सबर्गच्या बाइस्टल कंपनीने. कंपनी १९०० सालची, हॅलोविनच्या वस्तू १९२० च्या दशकापासूनच्या. त्यांच्याकडे यंत्रं होती. इथे स्वयंपाकघरातलं टेबल आहे.

पतंगाचा असतो तसा पातळ कागद, नारिंगी. त्याचे तीसेक तुकडे. खाली रेघांचा तक्ता ठेवायचा, इंचा-इंचावर रेघ, आणि त्यांना आळीपाळीने क, ख, क, ख अशी नावं. पहिल्या कागदावर फक्त क-रेघांवर गोंद, वर दुसरा कागद. दुसऱ्यावर फक्त ख-रेघांवर, वर तिसरा. मग पुन्हा क. दोन थरांमधला जोड आणि त्यावरचा जोड एकाखाली एक आले नाहीत, की मधल्या मोकळ्या जागा ताणल्यावर घरं होतात. सगळीकडे एकाच रेघेवर गोंद लावला तर उघडतच नाही, नुसती गड्डी हातात राहते.

पातळ गोंद इथे घात करतो. तो कागदातून पाझरतो आणि तिसरा-चौथा थरही धरून ठेवतो. गोंदाची कांडी बरी, तीही एका दमात न दाबता. वाळल्यावर अर्धा भोपळा कापायचा, सरळ बाजू म्हणजे कणा. गोंदाच्या रेघा कण्याला काटकोनात हव्यात, म्हणजे घरं कण्याकडून बाहेर तोंड करून उघडतात. कणा शिवायचा, दोन्ही बाजूंना पुठ्ठा, पुठ्ठ्याला देठ. मिटलेल्या भोपळ्याची जाडी पाव इंचाच्या आत. टपालखातं खूष.

(कण्याला दोरा लागतोच. तो पुठ्ठ्याच्या आत पक्का बंद केला आहे. मांजराच्या दाताला लागणार नाही.)

*

डेनिसन कंपनी मॅसॅच्युसेट्समधल्या फ्रेमिंगहॅमची. क्रेप पेपर विकायचा म्हणून त्यांनी १९०९ मध्ये 'बोगी बुक' काढलं: हॅलोविनची पार्टी कशी करावी, टेबल कसं मढवावं, क्रेपचा पोशाख कसा करावा. त्यातले पोशाख एका रात्रीपुरते. दुसऱ्या दिवशी कचऱ्यात. लोकांनी ते फेकलेच, म्हणून उरलेले आज संग्राहकांना मोलाचे. पुढे ही कंपनी १९९० मध्ये एव्हरीत विलीन झाली. लिफाफ्यांवर चिकटवायची पत्त्याची लेबलं २०१३ पर्यंत विकणारी हीच ती एव्हरी.

प्लास्टिकचे सांगाडे गॅरेजमध्ये वर्षानुवर्षं पडून असतात, तेच तेच हसू घेऊन. एका रात्रीची वस्तू कागदाचीच असावी, हे माझं मत. त्यावर घरात मतभेद आहेत.

*

क्रेपला आडवा ताण असतो, उभा नसतो. पट्टी कशी कापली यावर ती झिरमिळी होते की नुसती फीत, हे ठरतं. आकाशकंदिलाच्या झिरमिळ्या केलेल्यांना हे बोटांनीच कळतं. २०२४ मध्ये ३१ ऑक्टोबरलाच नरकचतुर्दशी होती. त्या वर्षी आमच्या न्यू जर्सीतल्या गल्लीत कंदील आणि वटवाघळं एकाच खांबावर. मुलं चॉकलेट मागायला आली, काहींना चकली मिळाली. एक मुलगा ती हातात धरून बराच वेळ निरखत होता.

*

सांगाडा. जुन्या धर्तीचा, पितळी टाचण्यांवर खांदे, गुडघे, मनगटं फिरणारा. पांढरा कागद काळ्यावर, बरगड्या एकसंध कापलेल्या. सुट्या फासळ्या डकवायच्या म्हणजे एकेक गळणार. टाचणीचं भोक टाचणीपेक्षा किंचित मोठं हवं, नाहीतर हात वर केला की तिथेच अडकून बसतो.

पाय जोडताना मात्र इथलं काही सुचेना. चादर पांघरलेली भुतं मला कधी भीतीदायक वाटलीच नाहीत. लहानपणी कोकणातल्या काकूंनी रंगवलेली हडळ आठवली की मात्र अजून अंगणातला दिवा लागतोय का ते बघते. म्हणून सांगाड्याची पावलं तिच्यासारखी टाचेकडून जोडली, बोटं मागे. पाठीमागून बघितलं तर पावलं सरळ, पुढून बघितलं तर उलटी. पाठ नीट असावी या माझ्या आग्रहाला इतकं चोख काम आजवर मिळालं नव्हतं.

*

लिफाफा तयार: भोपळा, वटवाघळांची फौज, सांगाडा, मधे पुठ्ठ्याची पाटी. एकत्र जाडी पाव इंचापुढे गेली, तेव्हा मोठ्या लिफाफ्याचा दर भरला. सोबत चिठ्ठी, इंग्रजीत: भोपळा सावकाश उघडा, दोन्ही पुठ्ठे मागे भेटले की क्लिप लावा. सांगाड्याचे पाय मुद्दाम तसे आहेत, कृपया दुरुस्त करू नका.