पहिलं पान

वडशाला स्टेशनकडून बाजाराकडे जाताना रद्दीचं एक दुकान लागतं. परवा तिथे पुस्तकांचा ढीग उपसत बसलो. कायद्याची पुस्तकं, एक शब्दकोश, झाडीपट्टीत गाजून गेलेल्या नाटकांच्या छापील प्रती. बहुतेकांचं पहिलं पान फाडलेलं. पुस्तक रद्दीत घालताना माणसं आपलं नाव तेवढं काढून घेतात. दुकानदार म्हणाला, एका पानानं वजनात काय फरक पडते?

काही पहिली पानं मात्र नावासाठीच जपली जातात. अमेरिकेचा पहिला राष्ट्राध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन याच्याकडे राज्यघटना आणि 1789 चे कायदे एकत्र बांधलेली एक प्रत होती. शीर्षकपानावर त्याची सही. 2012 साली न्यूयॉर्कच्या लिलावात ती 98 लाख डॉलरला गेली आणि त्याचं माउंट व्हर्ननचं घर सांभाळणाऱ्या संस्थेने ती घेतली. मला सहीपेक्षा आतली शिसपेन्सिल मोलाची वाटते. राष्ट्राध्यक्षाच्या कर्तव्यांची कलमं येतात तिथे त्याने समासात कंस करून ‘राष्ट्राध्यक्ष’ असं लिहिलंय. असं काम त्याच्याआधी कुणी केलेलं नव्हतं आणि तो ते वाचून शिकत होता.

अमेरिकेचाच तिसरा राष्ट्राध्यक्ष जेफरसन याची मालकीची खूण पुस्तकाच्या पोटात असे. जुन्या छपाईत बांधणीच्या सोयीसाठी प्रत्येक फर्म्याच्या पहिल्या पानाखाली एक अक्षर छापत. ‘आय’ अक्षराचा फर्मा आला की तो त्याच्याआधी हाताने ‘टी’ लिही. तेव्हा ‘आय’ आणि ‘जे’ एकच धरत, म्हणून झालं थॉमस जेफरसन. पहिलं पान फाडून ही खूण जात नाही. त्याची 6,487 पुस्तकं 1815 साली अमेरिकी काँग्रेसच्या ग्रंथालयाने विकत घेतली. 1851 च्या आगीत त्यातली सुमारे दोन तृतीयांश जळाली.

 

पण पुस्तकांचा मालक म्हटलं की मला आठवतात ते बाबासाहेबच. चर्नी रोडच्या बागेत वाचत बसणाऱ्या या मुलाला कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी हेरलं. तो 1907 साली मॅट्रिक झाला तेव्हा सत्काराच्या सभेत गुरुजींनी स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र त्याच्या हाती ठेवलं. एक पुस्तक, एका मास्तरांनी दिलेलं. पुढे 16 ऑक्टोबर 1956 ला चंद्रपूरच्या मैदानावर जी धम्मदीक्षा झाली, तिची एक वाट त्या पुस्तकातून येते असं मी मानतो. मधल्या काळात न्यूयॉर्कला शिकताना त्यांनी पोटाला चिमटा घेऊन सुमारे 2,000 जुनी पुस्तकं जमवली. ती एका मित्राच्या भरवशावर सोपवली आणि त्यातली बरीचशी कधी हाती आलीच नाहीत. 1917 साली शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून लंडनहून परतावं लागलं. स्वतः एका बोटीने निघाले, पुस्तकं आणि सामान दुसरीने. महायुद्धाचे दिवस, सामानाची बोट टॉर्पेडोने बुडाली. थॉमस कुक कंपनीकडून भरपाईचे 600 रुपये मिळाले आणि त्यातून बडोद्याला नोकरीवर रुजू व्हायला जाण्याची सोय झाली. ज्या माणसाने जेवणाचे पैसे वाचवून पुस्तकं घेतली, त्याची पुस्तकं समुद्राने नेली आणि त्यांच्या बदल्यात मिळाला प्रवासखर्च! बडोद्यात राहायला जागा मिळाली नाही, ती कथा सर्वांना ठाऊक आहे. नंतर दादरला हिंदू कॉलनीत त्यांनी ‘राजगृह’ बांधलं ते पुस्तकांना जागा हवी म्हणून. माणसांसाठी बांधलेल्या घरात पुस्तकं ठेवणारे पुष्कळ. पुस्तकांसाठी घर बांधणारा मला दुसरा माहीत नाही. त्यातले ग्रंथ पुढे मुंबईच्या सिद्धार्थ महाविद्यालयात गेले, विद्यार्थ्यांच्या हाती. पुस्तकाची जागा तीच. लिलावात घेऊन तिजोरीत ठेवलेल्या प्रतीबद्दल मला आदर वाटत नाही.

सह्यांचा नाद गांधीजींनीही ओळखला होता. सही हवी तर हरिजन फंडाला पाच रुपये द्या, असा त्यांचा शिरस्ता होता. शाईचा उपयोग असाही होतो.

आमच्या भागातही राज्य चालवलेली माणसं झाली. लहानपणी वर्तमानपत्रं विकणारे मारोतराव कन्नमवार 1962 साली महाराष्ट्राचे दुसरे मुख्यमंत्री झाले. बॅरिस्टर राजाभाऊ खोब्रागडे राज्यसभेचे उपसभापती होते. या माणसांनी काय वाचलं, कुठल्या ओळीखाली रेघ मारली, हे मला पाहायचं आहे. मूल, सावली, ब्रह्मपुरी, चंद्रपूर इथल्या जुन्या घरांत त्यांच्या हातची पुस्तकं असतील, भेट म्हणून दिलेली किंवा वाचायला नेऊन परत करायची राहिलेली. कुणाकडे असं पुस्तक असेल तर विकू नका, गावच्या वाचनालयात नेऊन द्या. आणि समासातल्या रेघा खोडरबराने पुसू नका.